डाव्या बुटात पाणी मुरतंय

तीर्थरूप अक्का,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली प्रत्यक्षात तो निम्माच होतो, पण कागदावर अख्खा घालतो आहे.) तुझी तब्येत बरी असेल अशी आशा करतो. नुसती आशा अशासाठी, की मागच्या पत्रात तू ‘माझं उत्तम चाललं आहे’ असं लिहिलं होतंस, आणि आपल्या घराण्यात ज्याचं उत्तम चाललेलं असतं तो ते लिहायच्या भानगडीत पडत नाही. तेव्हा खरं काय ते कळव. भाऊजींचा रक्तदाब रोज एकच आकडा दाखवतो हे वाचून काळजी वाटली. एक तर यंत्र बिघडलं आहे, नाहीतर भाऊजी तुला जुनाच आकडा वाचून दाखवतात. दोन्ही शक्यता तपासून बघ, आणि दुसरी आधी बघ. आणखी एक गोष्ट. तुझ्या पाकिटाला या वेळी दोन प्रकारचा डिंक होता. तूच ते उघडून पुन्हा चिकटवलं असशील तर प्रश्न मिटला. नसशील तर आमचा पोस्टमन हल्ली माझ्याकडे बघून का हसतो ते मला कळलं.

फोन करता आला असता, हे मलाही समजतं. पण आमच्या घरात फोनवर बोललेलं तीन खोल्यांत ऐकू जातं, आणि चौथ्या खोलीत जे पोचत नाही ते आमची ही येऊन विचारून घेते. शिवाय विषय आमच्या धाकट्या लेकीचा आहे, आणि तिचा कान माझ्यावर गेला आहे. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत दिवसभर लोकांचं रक्त तपासते, घरी आली की माझा चेहरा. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तिची बदली दुसऱ्या गावी होते आहे. त्याच्या आत काय ते ठरायला हवं होतं, आणि ते ठरलं आहे, आणि कसं ठरलं ते तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून हे पत्र. दुसऱ्या कुणाकडून काही कळलं असेल तर त्यावर विश्वास ठेवू नकोस. (ही तुला स्वतंत्र पत्र लिहिते आहे का? तीन दिवसांपूर्वी कपाटातले दोन लिफाफे कमी झाले.)

धाकटीला एकजण पसंत आहे, एवढं तुला ठाऊक आहे. चौकात डोंगर चढायच्या सामानाचं दुकान आहे. तिथे दोर, तंबू आणि आमच्या स्वयंपाकघरात नाहीत इतके कप्पे असलेल्या पिशव्या मिळतात. त्या दुकानात तो बूट विकतो. मी त्याला बूटवाला म्हणतो. त्याला नाव आहे, पण ते वापरावं असं अजून काही घडलेलं नाही. पहिल्यांदा घरी आला तेव्हा लोक फळं आणतात, फुलं आणतात. यानं माझ्यासाठी बूट आणले. घोट्याच्या वर जाणारे, मातकट रंगाचे, जाड तळव्याचे, डोंगरात चालायचे. मी पाय घातला आणि ते अगदी मापात बसले. इथेच माझे कान टवकारले. माझ्या पायाचं माप मला स्वतःला नीट माहीत नाही. गेली वीस वर्षं मी एक नंबर मोठी चप्पल घेऊन पुढे सरकून चालतो. मग याला कुणी सांगितलं? चौकशीअंती निष्पन्न झालं, की मी दुपारी झोपलो असताना धाकटीनं वर्तमानपत्र पायाखाली धरून पेन्सिलीनं माझा पाय गिरवून घेतला होता. माझ्याच घरात, माझ्याच पायाचा नकाशा बाहेर गेला, आणि मला पत्ता नाही.

तरी मी गप्प बसलो होतो. पण बूट पायात असताना तो म्हणाला, “काका, हे पूर्ण वॉटरप्रूफ आहेत.” अक्का, तुला माहीत आहे मी चौतीस वर्षं पाणीखात्यात गळती शोधली. लोक ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ असं उगाच बोलून जातात, मला त्याचा पगार मिळत होता. लोखंडी काठीचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, आणि जमिनीखालचं पाणी कुठे कुजबुजतं ते ऐकायचं. या चौतीस वर्षांत पाण्याच्या बाबतीत ‘पूर्ण’ हा शब्द वापरणारा एकही माणूस खरा निघालेला मी पाहिला नाही. ठेकेदार सांगायचा, सांधा पूर्ण बंद केला, आणि आठवड्यात रस्त्याचं तळं व्हायचं. साहेब सांगायचे, तक्रार पूर्ण मिटली, आणि तक्रार करणारा खाली गेटवर बादली घेऊन उभा असायचा. आणि हा कालचा पोरगा माझ्या घरात, माझ्या खुर्चीसमोर उभा राहून मला ‘पूर्ण’ म्हणतो.

त्या भरात मी एक बोलून गेलो. म्हणालो, चाळीस दिवस हे बूट घालतो. घरात, रस्त्यावर, डोंगरावर, माझ्या पद्धतीनं तपासतो. चाळीस दिवसांत बाहेरचं पाणी आत आलं नाही तर माझा होकार. आलं तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. मला वाटलं होतं तो गडबडेल, हमीपत्राच्या अटी सांगायला लागेल. तो लगेच ‘चालेल’ म्हणाला. इतक्या पटकन चालेल म्हणणारा माणूस एक तर भोळा असतो नाहीतर तयारीनं आलेला, आणि भोळा माणूस बूट विकू शकत नाही. धाकटी मात्र म्हणाली, “बाबा, तुम्ही हो म्हणालात तरच होईल. नाही म्हणालात तर मी पळून जाणार नाही. पण मग दुसरा कुणी शोधूही नका.” एकतीस वर्षांची मुलगी हे शांतपणे म्हणते तेव्हा ते धमकी म्हणून म्हणत नाही. मला रात्रभर ते टोचत राहिलं, पण शब्द दिला होता.

तपास मी खात्याच्या रीतीनं केला. पहिले चार दिवस बाथरूममध्ये. दोन टब घेतले, दोन्हींत घोट्याच्या दोन बोटं खाली पाणी भरलं, आणि एकेक पाय एकेकात ठेवून सकाळी अर्धा तास स्टुलावर बसलो. पायात पांढरे मोजे, कारण पांढऱ्यावर ओल लपत नाही. पहिल्या दिवशी मोजे कोरडे. मला शंका आली की अर्धा तास कमी पडला, म्हणून दुसऱ्या दिवशी एक तास बसलो. (त्या तासात हिला बाथरूम हवं होतं, त्यावरून जे संभाषण झालं ते या पत्रात घेत नाही.) तिसऱ्या दिवशी जागेवर पावलं उचलून चालल्यासारखं केलं, कारण बूट वाकतो तिथे शिवण उघडते. त्या कवायतीनं पाणी उडून आरसा, टॉवेल आणि भिंतीवरचं कॅलेंडर भिजलं. मोजे तेवढे कोरडे. चौथ्या दिवशी टबातच काहीतरी गडबड असावी असा संशय येऊन मी टबात जुना कॅनव्हासचा बूट बुडवून पाहिला. तो पाच मिनिटांत चिंब झाला. म्हणजे पाणी ठीक होतं.

मग रोजच्या वापराला सुरुवात केली. अक्का, डोंगरात चालायचे बूट रस्त्यावर घालून फिरणं ही एक शिक्षाच आहे. पहिले आठ दिवस टाचेला फोड. वजन असं की जिना चढताना आपण कुणाला तरी बरोबर घेऊन चढतोय असं वाटतं. बँकेत गेलो तर गुळगुळीत फरशीवर पावलागणिक असा चिरका आवाज, की रांगेतली सगळी माणसं वळून माझ्या पायांकडे बघायला लागली, आणि दारावरचा पहारेकरी माझ्या मागे मागे काउंटरपर्यंत आला. दाताच्या डॉक्टरकडे बूट बाहेर काढायची पद्धत आहे. नाड्या आठ आकड्यांतून सोडवून पाय बाहेर काढेपर्यंत माझा नंबर गेला, आणि पुन्हा बांधेपर्यंत दवाखाना बंद करायची वेळ झाली. पण खरं बोलायचं तर भाजीबाजारात, जिथे गाळ्यांपुढे दिवसभर पाणी ओततात आणि त्यात पालापाचोळा कुजतो, तिथे सगळे धोतर-पँटी वर धरून उड्या मारत होते आणि मी एकटा मधोमध सरळ चाललो होतो. एका डबक्यात मी मुद्दाम थांबून कोथिंबिरीची जुडी निवडून घेतली. आत काही नाही. बाहेर थेंब मण्यांसारखे उभे राहून घरंगळत होते. हे मी बघत राहिलो आणि मग मलाच राग आला, की आपण याचं कौतुक का करतोय.

बाराव्या दिवशी संध्याकाळी मोजे काढले तर दोन्ही दमट. मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही. हिला हाक मारली, धाकटीला मोजे दाखवले, बूटवाल्याला बोलावणं धाडलं. तो आला, त्यानं मोजा नाकाशी नेला (माझा मोजा, अक्का, दिवसभर घातलेला, हे त्यानं न सांगता केलं, त्यात धाडस होतं हे मान्य करतो), आणि म्हणाला, हा घाम आहे. त्या दिवशी पाऊस नव्हता, मी कुठे डबक्यात गेलो नव्हतो, ऊन मात्र कडक होतं. मग त्यानं समजावलं, की बुटाच्या आत एक पातळ पडदा असतो, त्यातून घामाची वाफ बाहेर जाते पण पाणी आत येत नाही. उन्हात डांबरी रस्त्यावर घाम इतका येतो की पडद्याला झेपत नाही. कोरड्या दिवसात चपलाच बऱ्या, हेही तो म्हणाला. जी वस्तू विकतो तीच वापरू नका असं सांगणारा विक्रेता मी पहिल्यांदा पाहिला, आणि माझा संशय दुप्पट झाला. वाफ जाते आणि पाणी येत नाही, म्हणजे काय? वाफ म्हणजे पाणीच की. मी दुसऱ्या दिवशी किटलीच्या तोंडावर बूट पालथा धरून वाफ खरंच जाते का ते पाहिलं. वाफ किती गेली ते नीट कळलं नाही, पण त्यानंतर तीन दिवस चहाला बुटाचा वास येत होता आणि ही चहा सोडून लिंबाचं सरबत पिऊन राहिली.

डोंगराची परीक्षा बाकी होती. आमच्या गल्लीतल्या निवृत्त माणसांचा एक गट आहे, दर रविवारी सकाळी मागच्या डोंगरावर जातो. त्यांच्याबरोबर गेलो. बूटवालाही आला. मी बोलावलं नव्हतं. धाकटीनं सांगितलं असणार, कारण त्याच्या पिशवीत माझ्यासाठी जास्तीचे मोजे होते. सकाळचं गवत दवानं भिजलेलं, गुडघ्यापर्यंत. बाकीच्यांचे बूट अर्ध्या तासात पचपच करायला लागले, माझे नाहीत. चिखलात तळव्याला अर्धा अर्धा किलो माती चिकटली. ओल्या खडकावर मात्र तळवा अशी पकड घेत होता, की माझा गुडघासुद्धा चकित झाला. मग ओढा आला. सगळे दगडांवरून उड्या मारत गेले. मी पाण्यातून गेलो, कारण मी सहलीला नाही, तपासाला आलो होतो. मधोमध पाणी अचानक खोल झालं आणि वरून, घोट्याच्या कडेनं, दोन्ही बुटांत भळभळा शिरलं. काठावर आलो तर दोन्ही पाय दोन भरलेल्या घागरींत. आणि गंमत अशी की तेच बूट आता पाण्याला बाहेर सोडेनात. जो पडदा पाणी आत येऊ देत नव्हता तो आतलं बाहेर जाऊ देईना. दगडावर बसवून दोघांनी ओढून काढले तेव्हा एकेका बुटातून तांब्याभर पाणी पडलं.

मी म्हणालो, आलं की नाही पाणी? तो खाली बसून माझे मोजे पिळत होता. म्हणाला, “काका, पूर्ण म्हणालो ती माझी चूक. कड बुडली की कुठलाही बूट भरणारच. घोट्यापर्यंत वॉटरप्रूफ म्हणायला हवं होतं.” अक्का, चौतीस वर्षांत एकाही ठेकेदारानं हे वाक्य मला दिलं नव्हतं. नियमानं पाणी वरून आलेलं धरायचं नाही; टाकी उतू गेली तर त्याला आपण गळती म्हणत नाही. मी तसं जाहीर केलं, आणि धाकटीला घरी गेल्यावर सांगितलंही. पण मनात आलं, चूक इतक्या सहज कबूल करणारा माणूस आतून काय लपवत असेल? त्यानं दिलेले कोरडे मोजे घालून मी डोंगर उतरलो. ते अगदी मापाचे होते, तेही मी लक्षात ठेवलं.

बूट वाळायला दोन दिवस लागले. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, दर चार तासांनी बदलले. (त्यातल्या एका बोळ्यात मला माझ्या पायाचा तो पेन्सिलीचा नकाशा सापडला, म्हणजे तो बाहेर जाऊन परतही आला होता. तो मी वेगळा ठेवला आहे.) तिथून पुढे पंधरवडाभर मी सगळं केलं. पाऊस आला त्या दिवशी छत्री घेऊन फक्त पायांवर पाऊस घेतला. नळाखाली बूट धरले. बागेत पाणी घालणाऱ्या माळ्याला सांगून पाइपाचा झोत पायांवर मारून घेतला. तो माळी आता मला लांबूनच वळसा घालून जातो. तिसाव्या दिवसापासून बाहेरचे ते मणी उभे राहीनासे झाले, कापड वरून ओलं दिसायला लागलं, बूट जड झाले. मला वाटलं, आता आलं. आत बोट घातलं तर कोरडं. छत्तिसाव्या दिवशी मोजे कोरडे. घरातली माणसं एकमेकांशी माझ्यासमोर हळू आवाजात बोलायला लागली, आणि धाकटीच्या खोलीत एक नवी बॅग आली. बदलीसाठी घेतली म्हणाली. बॅग दोन माणसांचं सामान मावेल एवढी मोठी होती.

सदतिसाव्या दिवशी डाव्या बुटात पाणी आलं. मी टबात जांभळा रंग मिसळला होता. खात्यात आम्ही तसंच करायचो: वरच्या नळात रंग सोडायचा आणि खाली कुठे जांभळं पाणी निघतं ते बघायचं, म्हणजे वाद उरत नाही. अर्ध्या तासानं मोजा काढला तर अंगठ्याशी आठ आण्याएवढा जांभळा डाग, आणि अंगठा जांभळा. (तो अजून तसाच आहे. साबण, लिंबू, रॉकेल, सगळं झालं.) मी तो पाय तसाच घेऊन जेवणाच्या टेबलाशी आलो आणि खुर्चीवर ठेवून सगळ्यांना दाखवला. ही म्हणाली, पाय खाली घ्या. धाकटी बघत राहिली. मग उठली, अर्ध्या जेवणाची ताटली धुऊन जागेवर ठेवली, आणि म्हणाली, ठीक आहे बाबा. आवाज चढवला असता, रडली असती, तर मला उत्तर देता आलं असतं.

बूटवाल्याला बोलावलं. त्यानं बूट खिडकीशी नेला. अंगठ्याच्या मुळाशी, शिवणीच्या जरा वर, टाचणीच्या डोक्याएवढं भोक, भोवती जांभळं वर्तुळ. बाहेरून त्यावर त्यानं बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग आत हात घालून चाचपलं. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. शेवटी म्हणाला, “काटा असणार. डोंगरात असतात असले. तुमचं बरोबर आहे काका, बूट गळला.” धाकटीनं विचारलं, नक्की काटाच? तो म्हणाला, काटाच. बूट दुरुस्त करून देतो म्हणून घेऊन गेला आणि चार दिवसांनी दारात ठेवून, आत न येता परत गेला. आतून ठिगळ लावलं आहे, काम स्वच्छ आहे. त्यानंतर तो आलेला नाही. धाकटी वेळेवर कामाला जाते, वेळेवर येते, माझ्याशी नीट बोलते. इतकं नीट, की मी तिच्या हॉस्पिटलातला पेशंट असावा.

तेव्हा, अक्का, निकाल लागला आहे. अट सगळ्यांसमोर ठरली होती, तपास सगळ्यांसमोर झाला, बूट गळला, सबब माझा नकार. त्यात कुणाला बोट ठेवायला जागा नाही. तू एकदा येऊन धाकटीची समजूत घाल, म्हणजे ती आनंदानं नाही तरी मनात काही न ठेवता बदलीच्या गावी जाईल. भाऊजींना नमस्कार सांग आणि त्यांचा रक्तदाब स्वतः मोज. पत्र मिळाल्याचं कळव. पाकीट उघडलेलं आढळलं तर तेही कळव.

तुझा धाकटा भाऊ,
जांभळ्या अंगठ्यासह

ता. क. बूट उत्तम आहेत, हे राहून गेलं. कुणी विचारलं तर सांग: पावसात, बाजारात, दवात आणि खडकावर बिनतोड, उन्हात आणि बँकेत घालू नयेत, ओढा कडेच्या वर असेल तर आधी काठीनं खोली बघावी. भाऊजींना घ्यायचे असतील तर मी दुकान सांगीन. मीच सोबत यावं असं मात्र म्हणू नकोस.

ता. क. २. वरचं वाचून तू म्हणशील, बूट उत्तम आहेत तर गळला कसा? तू हे विचारणारच, म्हणून लिहितो. छत्तिसाव्या दिवशी सगळे मोजे कोरडे होते आणि चार दिवस उरले होते. मला भीती वाटली, अक्का. धाकटी गेली की या घरात आम्ही दोघं, आणि बोलण्यासारखं जे काही आहे ते आमचं वीस वर्षांपूर्वीच बोलून झालं आहे. बूट काही केल्या गळेना. दुपारी घरात कुणी नव्हतं. हिच्या शिवणाच्या डब्यातलं दाभण घेतलं आणि डाव्या बुटात हात घालून आतून बाहेर टोचलं. बाहेरून टोचलं असतं तर ओरखडा दिसला असता, म्हणून आतून. तीन वेळा विचार केला आणि एकदा टोचलं.

ता. क. ३. आणि इथे मी चुकलो. चौतीस वर्षं नळाचं भोक बघून मी सांगत आलो, की हे गंजानं पडलं की कुदळीनं, आतल्या दाबानं की बाहेरच्या घावानं. जिथून वस्तू बाहेर पडते तिथे कड उचलली जाते. शिकाऊ पोरांना मी हे पहिल्या दिवशी शिकवायचो, आणि स्वतःच्या वेळी विसरलो. त्यानं बाहेरून दोनदा बोट फिरवलं ते उगाच नाही. उचललेली कड त्याच्या बोटाला लागली. बुटाच्या आतून बाहेर जाणारा काटा कुठल्या डोंगरात असतो? हे त्याला माझ्याइतकंच कळलं. एक शब्द बोलला असता तर त्याच दिवशी त्याला मुलगी मिळाली असती, आणि तिला बाप उरला नसता. तो काटा म्हणाला, हरलो म्हणाला, आणि बूट शिवून आणून दिला.

ता. क. ४. आता खरं काम. मला माझ्या तोंडानं हो म्हणता येत नाही. म्हणालो की ती विचारणार, बूट तर गळला ना बाबा, मग हो का? आणि खोटं बोलायला गेलो तर तिला चेहरा वाचता येतो. म्हणून तू ये. एक तारखेच्या आत ये. सगळ्यांसमोर मला झाप, बुटावरून कुणी मुलीचं आयुष्य ठरवतं का म्हण, आणि थोरली बहीण म्हणून मला होकार द्यायला लाव. मी दोनदा नाही म्हणीन, तिसऱ्यांदा मान खाली घालीन. त्याला त्याच दिवशी घरी बोलवायचं काम तूच कर. दाभणाचं मात्र कुणाला कळू देऊ नकोस. त्यानं तिला सांगितलेलं नाही. ती त्याच्याशी फोनच्या स्पीकरवर बोलत असताना मी दाराआड उभं राहून दोनदा तपासलं, दोन्ही वेळा तो काटाच म्हणाला. काल पुन्हा तिचा फोन वाजला तेव्हा मी दारापर्यंत गेलो, आणि तिथूनच मागे फिरून हे पत्र लिहायला बसलो.